लाइन गेली तरी गजर वाजला पाहिजे

उशाशी ठेवायचा घड्याळ-रेडिओ ही मुळात जिथे वीज सहसा जात नाही अशा देशांतली वस्तू. लाल किंवा हिरवे ठळक आकडे, अंधारात चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे मोठे. ठरल्या वेळी कर्कश घंटा वाजण्याऐवजी रेडिओच सुरू होतो आणि माणूस बातम्यांनी किंवा भक्तिगीताने जागा होतो. दारव्ह्यासारख्या गावात हे यंत्र पोचलं ते बहुतेक पाहुण्यांच्या बॅगेतून. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाचा जावई आखातात, कुणी मुंबईहून बदली होऊन आलेलं. कौतुकाने ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याची परीक्षा झाली. रात्री दीडला लाइन गेली, अडीचला आली. सकाळी सहाला डोळे उघडले तर घड्याळ साडेतीन दाखवत लुकलुकतंय. वीज परत आल्यावर त्याने बाराच्या आकड्यापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली होती. पाचचा गजर वाजलाच नाही, आणि यवतमाळची पहिली एसटी निघून गेली.

त्याच घड्याळाच्या तळाशी एक छोटं झाकण असतं. आत नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची जागा आणि दोन बटणांची वायर. अनेक घरांत हा कप्पा रिकामाच राहतो, आणि जिथे भरलेला असतो तिथे बॅटरी कधी घातली होती हे कुणाला आठवत नाही. ही बॅटरी काय काम करते आणि काय करत नाही, हे नीट समजून घेणं आपल्या भागात फार गरजेचं आहे, कारण इथे लाइन जाणं ही अपवादाची गोष्ट नाही.

दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. रब्बीत हरभरा आणि गहू. इथल्या माणसाची झोप विजेच्या वेळापत्रकाशी बांधलेली आहे. कृषिपंपांना थ्री फेज वीज आलटून पालटून मिळते, काही दिवस दिवसा 8 तास आणि काही दिवस रात्री 8 ते 10 तास. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री उठून शेत गाठावं लागतं. थंडी, साप, रानडुकरं हे सगळं सांभाळून. कित्येक शेतकरी म्हणूनच मोटारीला ऑटो स्विच लावतात, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू. पण सगळ्यांच्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर एकदम भार येतो आणि ती जळते, म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असते. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्या पहिल्या दोन प्रायोगिक प्रकल्पांपैकी एक राळेगणसिद्धीला आणि दुसरा आपल्याच जिल्ह्यात कोळंबीला झाला. ती पुरती सगळीकडे पोचेपर्यंत रात्री वेळेवर उठणं हा शेतीच्या कामाचाच भाग आहे.

घरगुती विजेची गोष्ट वेगळी. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने जे भारनियमन सोसलं ते आठवणारे अजून पुष्कळ आहेत. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त तिथे वीज जास्त तास बंद, असे गट पाडलेले होते, आणि ग्रामीण विदर्भाच्या वाट्याला लांबलचक अंधार आला. त्या भारनियमनाला निदान वेळापत्रक होतं. आजची अडचण बेभरवशाची आहे. मे महिन्यातलं वादळ, तारेवर पडलेली निंबाची फांदी, जळालेली डीपी, नाहीतर नुसताच पाच सेकंदांचा झटका. माणसाला पाच सेकंदांचा झटका झोपेत कळतही नाही. बॅटरी नसलेल्या घड्याळाला मात्र पाच सेकंद आणि पाच तास सारखेच, दोन्हींत त्याची वेळ पुसली जाते.

आता घड्याळाच्या पोटात जाऊ. जुन्या पद्धतीच्या बहुतेक घड्याळ-रेडिओत वेळ मोजण्यासाठी स्वतःचं असं काही नसतं. सान्यो कंपनीची एलएम 8560 ही चिप कित्येक ब्रँडच्या संचांत सापडते. अशी चिप भिंतीतल्या विजेची आवर्तनं मोजते. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा मागे-पुढे होते. चिप 50 मोजते आणि एक सेकंद पुढे सरकवते. वेळ राखण्याची जबाबदारी अशी थेट वीज केंद्रावर टाकलेली असते.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत हेन्री वॉरेन या अभियंत्याने विजेच्या आवर्तनांवर चालणारं घड्याळ बनवलं. पण वीज केंद्रातली आवर्तनंच कमीजास्त होत असल्याने ते घड्याळ चुकायचं. मग 1916 मध्ये त्याने बोस्टनच्या वीज केंद्रात एक मुख्य घड्याळ बसवलं, आणि तिथले कामगार त्याच्याकडे पाहून जनित्रांचा वेग सांभाळू लागले. घराघरातली घड्याळं बरोबर चालावीत या गरजेने वीज कंपन्यांना शिस्त लावण्यात मोठा हात दिला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

आपल्याकडे ही शिस्त उशिरा आली. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जनित्रं मंदावतात आणि आवर्तनं 50 च्या खाली जातात. नव्वदच्या दशकात 49 च्याही खाली जाणं नवलाचं नव्हतं. आवर्तनं दिवसभर 49 वर राहिली तर घड्याळ 2 टक्के मागे पडतं, म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ 29 मिनिटं. लाइन एकदाही न जाता अर्ध्या तासाचा घोळ! तेव्हाच्या अशा घड्याळांना लोक ‘डिफेक्टिव्ह पीस’ म्हणत. दोष पीसमध्ये नसून ग्रिडमध्ये होता. जुलै 2002 मध्ये आपल्या पश्चिम विभागीय ग्रिडवर उपलब्धतेनुसार दर ही पद्धत लागू झाली. आवर्तनं घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर महाग पडेल, असा तिचा गाभा. त्याने मोठा फरक पडला. पुढे 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर या 765 केव्हीच्या वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली आणि सगळा भारत एका ठोक्यावर आला. नियमाने आता आवर्तनं 49.90 ते 50.05 या पट्ट्यात ठेवायची असतात. दिवसभर अगदी खालच्या टोकाला राहिली तरी घड्याळ तीनएक मिनिटंच मागे पडेल.

आवर्तनांत जरा फरक पडला की काय होतं हे 2018 साली युरोपने पाहिलं. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वादात विजेचा हिशेब बिघडला. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सरासरी आवर्तनं 50 ऐवजी 49.996 राहिली. एवढ्याशा फरकाने पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतची ओव्हनवरची आणि उशाशी असलेली घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली.

आता लाइन जाते तेव्हा काय होतं ते पाहू. भिंतीतली आवर्तनं थांबली, म्हणजे मोजायलाच काही उरलं नाही. या क्षणी चौकोनी बॅटरी पुढे येते. बॅटरी आणि चिप यांच्यामध्ये डायोड असतो. लाइन असताना ट्रान्सफॉर्मरकडून येणारा दाब बॅटरीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे डायोड बंद राहतो आणि बॅटरी खर्च होत नाही. लाइन गेली की डायोड आपोआप उघडतो. कुठलाही खटका नाही, क्षणाचाही खंड नाही. फार साधी आणि फार हुशार रचना आहे ही.

बॅटरी चिपला जिवंत ठेवते, पण 50 आवर्तनं कुठून आणणार? त्यासाठी चिपमध्ये एक कामचलाऊ दोलक असतो, एका रेझिस्टर आणि एका कपॅसिटरच्या जोरावर चालणारा. त्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो, बॅटरी उतरली की बदलतो, संचासंचातही बदलतो. तो 5 टक्के चुकला तर तासाला 3 मिनिटं. एका तासाच्या खंडाला हे चालून जातं, पण रात्रभर लाइन नसेल तर सकाळी घड्याळ अर्धा तास पुढे किंवा मागे सापडू शकतं. फसवणूक अशी की या वेळी आकडे लुकलुकत नाहीत. घड्याळ चुकीची वेळ अगदी खात्रीने दाखवतं.

अलीकडच्या चांगल्या संचांत हा दोष उरलेला नाही. त्यांत मनगटी घड्याळात असतो तसा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा उगाच निवडलेला नाही. 2 ला 2 ने गुणत 15 पायऱ्या चढलं की 32,768 येतात, म्हणून चिपने तो 15 वेळा निम्मा केला की बरोबर एक ठोका उरतो. असा स्फटिक दिवसाला फार तर एक-दोन सेकंद चुकतो. त्याला वीजही नगण्य लागते, म्हणून या संचांत नऊ व्होल्टच्या बॅटरीऐवजी सीआर 2032 हा नाण्याएवढा बटण सेल असतो आणि तो महिनोन्‌महिने वेळ राखतो. विकत घेताना तळाचं झाकण उघडून पाहावं. बटण सेलची जागा दिसली तर आत स्फटिक असण्याचा संभव दांडगा. घरात लहान मूल असेल तर मात्र ते झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत भाजून निघते, आणि तेव्हा एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठावा लागतो.

बॅटरी घातल्यावर लोकांची सर्वांत मोठी निराशा होते ती दोन गोष्टींनी. लाइन गेल्यावर आकडे दिसत नाहीत आणि रेडिओ वाजत नाही. दोन्ही बाबतींत घड्याळ बिघडलेलं नसतं. आकडे पेटवायला लागणारी वीज थेट ट्रान्सफॉर्मरवरून येते. चिपला काही मिलीअँपिअर पुरतात, आकड्यांना आणि स्पीकरला त्याच्या कितीतरी पट लागतात. बाजारातली चांगली अल्कलाइन चौकोनी बॅटरी साधारण 500 मिलीअँपिअर-तासांची. पाच मिलीअँपिअरने ती हिशेबात शंभर तास चालेल, प्रत्यक्षात काहीशी कमी. तीच बॅटरी मोठ्या आवाजात रेडिओ वाजवायला लावली तर एका संध्याकाळीत संपेल. म्हणून बनवणाऱ्यांनी तिला आठवण राखण्याचं एकच काम दिलं.

खरा महत्त्वाचा प्रश्न तिसरा आहे. गजराची वेळ लाइन नसतानाच आली तर? इथे संचासंचात फरक असतो. काहींत रेडिओ वाजत नाही पण बझर वाजतो, काहींत तोही क्षीण वाजतो, आणि पुष्कळ स्वस्त संचांत काहीच वाजत नाही. लाइन पाचपर्यंत परत आली तरच पाचचा गजर, असा तो करार. खोक्यावर ‘बॅटरी बॅकअप’ एवढंच छापलेलं असतं, त्यावरून हे कळत नाही. ज्याला रात्री दोनला मोटारीवर जायचं आहे किंवा पहाटे परीक्षेला निघायचं आहे, त्याच्यासाठी सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो.

बॅटरीच्या स्वभावाबद्दलही थोडं. चौकोनी बॅटरीच्या पत्र्याच्या आत दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यांतला एक गेला की सगळी बॅटरी गेली. उष्णतेने सेल न वापरताही उतरत राहतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत त्याहून जास्त. अशा दोन उन्हाळ्यांनंतर बॅटरीत दम तर राहत नाहीच, वर तिला पाणी सुटतं. साध्या स्वस्त बॅटरीतून आम्लधर्मी द्रव येतो, अल्कलाइनमधून अल्कधर्मी. दोन्ही पितळी बटणं आणि वायर खाऊन टाकतात. हिरवट-पांढरी पूड दिसली तर आधी प्लग काढावा. अल्कलाइनचं असेल तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे दोन थेंब, साध्या बॅटरीचं असेल तर ओल्या बोळ्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा. मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करावं. हात डोळ्यांना लावू नये.

कमी दाबाचा एक छुपा खर्च असतो. संध्याकाळी सगळ्या गावाचे पंखे, कूलर, मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 230 वरून 170 पर्यंत उतरतं. बल्ब मिणमिणतो, पण लाइन ‘आहे’. काही जुन्या संचांत अशा वेळी ट्रान्सफॉर्मरकडून येणारा दाब बॅटरीच्याही खाली जातो, डायोड उघडतो आणि बॅटरी गुपचूप खर्च होऊ लागते. लाइन फारशी गेली नाही तरी बॅटरी उतरली कशी, याचं उत्तर कित्येकदा हे असतं.

इन्व्हर्टर असलेल्या घरात बॅटरीची गरज नाही असं वाटणं साहजिक आहे. पण इन्व्हर्टर लाइनवर येताना जो निमिषमात्र खंड पडतो त्यालाही घड्याळाला आधार हवा. शिवाय स्वस्त इन्व्हर्टरची आवर्तनं नेमकी 50 नसतात आणि लाटही खडबडीत असते. आवर्तनं मोजणारं घड्याळ त्यावर पुढे पळू शकतं.

परदेशातून आलेल्या संचांसाठी वेगळी खबरदारी. अमेरिकेतली वीज 120 व्होल्टची, आवर्तनं 60. तिथला संच थेट आपल्या प्लगात घातला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून दाब उतरवणारा कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्टर दाब उतरवतो, आवर्तनं बदलत नाही. 60 मोजून एक सेकंद धरणारं घड्याळ आपल्याकडे तासाला 10 मिनिटं मागे पडतं, दिवसाला 4 तास. काही संचांत मागे 50 आणि 60 असा खटका असतो; नसेल तर जाणकार दुरुस्तीवाला चिपचं एक टोक जोडून किंवा सोडवून हे बदलू शकतो. आखातातून आलेल्यांनीही पाहून घ्यावं, कारण अमिरातीत 50 आहेत पण सौदी अरेबियात 60. जे अमेरिकी संच कारखान्यातून वेळ लावून येतात त्यांत तिथलेच कालविभाग असतात, आपला साडेपाच तासांचा फरक त्यांना ठाऊक नसतो; वेळ हाताने लावावी.

आणि रेडिओचं काय? आकड्यांवर चालणारा अमेरिकी संच एफएमवर 102.5, 102.7 अशा विषम दशांशांवरच थांबतो. आकाशवाणी यवतमाळ 102.7 वर असल्याने ते लागतं; अकोला 102.4 वर असल्याने नीट लागत नाही. मध्यम लहरींवर अमेरिकेत केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. म्हणून 16 जुलै 1948 रोजी सुरू झालेलं आकाशवाणी नागपूर, जे विदर्भाने वर्षानुवर्षं 585 किलोहर्ट्झवर ऐकलं, ते 580 किंवा 590 वर थांबणाऱ्या संचात स्पष्ट येत नाही. असं असलं तर संचाच्या मागे 9 आणि 10 असा खटका आहे का ते आधी पाहावं.

घरी असलेल्या घड्याळाची परीक्षा सोपी आहे. गजर दोन मिनिटं पुढचा लावा आणि प्लग काढा. वाजला, तर लाइन नसताना वाजतो. मग प्लग तसाच तासभर बाहेर ठेवून पुन्हा लावा आणि मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा. आकडे लुकलुकले तर बॅटरी संपलेली आहे. तीन-चार मिनिटांचा फरक पडला तर आत कामचलाऊ दोलक आहे, रात्रभराच्या खंडानंतर त्या घड्याळावर विसंबू नका. फरक पडलाच नाही तर आत स्फटिक आहे, ते घड्याळ जपा.

बॅटरी बदलताना प्लग लावलेलाच ठेवावा, नाहीतर त्या अर्ध्या मिनिटात वेळ पुसली जाते. चार्ज होणारी बॅटरी या कप्प्यात घालू नये. घड्याळ तिला चार्ज करत नाही आणि ती स्वतःहून लवकर उतरते. बदलायचा दिवस ठरवून टाकावा. मला अक्षय तृतीया योग्य वाटते, कारण अवकाळी वादळं आणि मृगाचा पाऊस त्यानंतरच लाइन पाडायला लागतात. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवून तारीख लिहावी.

आणि ज्यांचा गजर दोन वाजता वाजलाच पाहिजे, त्यांनी घड्याळ-रेडिओशेजारी पेन्सिल सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ ठेवावं. एका सेलवर ते वर्षभर चालतं आणि लाइन असण्या-नसण्याशी त्याचा काही संबंध नसतो. मोबाइल आहेच, पण रात्रभर लाइन नसेल तर त्याचं चार्जिंगही त्याच रात्री संपतं.